आधी बस, मग मार्गिका

लखनौ म्हटले की मराठी माणसाला पंडित विष्णु नारायण भातखंडे आठवतात. १९२६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तिथे संगीताचे महाविद्यालय उभे राहिले आणि कैसरबागेतली ती संस्था आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ आहे. कैसरबाग, हजरतगंज, अमीनाबाद, चौक हा लखनौचा जुना गाभा. शहराच्या शिक्षणाचा आणि संशोधनाचा मोठा भाग मात्र आता गोमतीच्या उत्तरेला, सीतापूर रस्ता आणि कुर्सी रस्त्याच्या बाजूला सरकला आहे. तिथे जानकीपुरम आहे आणि त्याला लागून जानकीपुरम विस्तार. लखनौ विद्यापीठाचा नवा परिसर जानकीपुरममध्ये आहे. राज्यभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना संलग्नता देणारे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तंत्रशास्त्र विद्यापीठ विस्तारात आहे. ‘सहेली’ ही गर्भनिरोधक गोळी देणारी केंद्रीय औषध संशोधन संस्था अनेक दशके छत्तर मंझिलच्या नवाबी वास्तूत होती. तीही आता इथेच आली आहे.

एवढ्या संस्था एका बाजूला गेल्या की त्यांच्यामागून हजारो माणसे जातात. विद्यार्थी, प्रयोगशाळेतले कर्मचारी, कारकून, सफाई कामगार, घरकामाला येणाऱ्या बाया, आणि सकाळी उलट दिशेने हजरतगंजच्या कचेऱ्यांकडे व चारबाग स्थानकाकडे निघणारे जानकीपुरमचे रहिवासी. मेट्रो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. विमानतळाकडून येणारा मार्ग गोमती ओलांडून विद्यापीठ आणि आयटी चौराहा गाठतो आणि तिथून पूर्वेला, बादशाहनगर व इंदिरानगरमार्गे मुंशीपुलियाकडे वळतो. दुसऱ्या मार्गाला ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. तो चारबागहून जुन्या शहरातून पश्चिमेला वसंतकुंजपर्यंत जाईल. उत्तरेकडच्या माणसाच्या वाट्याला टेम्पो, ई-रिक्षा आणि स्वतःची दुचाकी राहते.

या दोन मार्गांवरचा पैसा पाहण्यासारखा आहे. पहिला मार्ग सुमारे २३ किलोमीटरचा, मंजूर खर्च ६,९२८ कोटी रुपये. किलोमीटरला साधारण ३०० कोटी. त्यासाठी युरोपीय गुंतवणूक बँकेने ४५ कोटी युरोचे कर्ज दिले. सप्टेंबर २०१७ मध्ये पहिला टप्पा आणि मार्च २०१९ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला, म्हणजे कामही वेळेत झाले. दुसरा मार्ग ११.१६५ किलोमीटरचा, खर्च ५,८०१ कोटी. त्याची बारापैकी सात स्थानके जमिनीखाली आहेत, त्यामुळे किलोमीटरला ५०० कोटींच्या वर खर्च जातो. गजबजलेल्या जुन्या लखनौत मेट्रो हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण या दराने शहराच्या प्रत्येक टोकाला रूळ पोहोचायची वाट पाहायची, तर जानकीपुरममध्ये आज शिकणारी मुले नोकरीतून निवृत्त होतील.

मग जलद बस, म्हणजेच बीआरटी, हा उपाय पुढे येतो, आणि यायलाच हवा. रस्त्याच्या मध्यभागी बससाठी राखीव मार्गिका, बसच्या दाराशी समतल असलेला फलाट, चढण्याआधीच काढलेले तिकीट, सिग्नलवर बसला प्राधान्य आणि काही मिनिटांच्या अंतराने येणारी गाडी. ही व्यवस्था ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ मध्ये सुरू केली आणि कोलंबियाच्या बोगोटाने डिसेंबर २००० पासून मोठ्या प्रमाणावर राबवली. भारतात ती सर्वांत आधी पुण्यात आली. म्हणून लखनौच्या नियोजनकारांनी बोगोटाला जाण्याआधी स्वारगेटला उतरावे. गेल्या वीस वर्षांत पुण्याने या विषयातल्या जवळजवळ सगळ्या चुका आणि थोडी खरी कामगिरी, दोन्ही करून ठेवले आहे.

पुण्याचा धडा एका वाक्यात सांगता येतो. रस्ता बांधायला एकदाचा पैसा मिळाला, आणि त्या रस्त्यावर रोज बस चालवायला कायमचा पैसा कुठून यायचा, हे कोणी ठरवलेच नाही.

डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजना सुरू झाली. पुण्याच्या आकाराच्या शहरांसाठी केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा २० आणि महापालिकेचा ३० टक्के. शंभर रुपयांच्या कामाला खिशातले तीसच जाणार म्हटल्यावर कोणती महापालिका मागे राहील? वर्षभरातच, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज–स्वारगेट–हडपसर हा सोळा-सतरा किलोमीटरचा प्रायोगिक मार्ग सुरू झाला. देशातली पहिली बीआरटी. योजनेच्या त्या पहिल्या वर्षांत अनुदान प्रामुख्याने बांधकामासाठी होते. बसखरेदीसाठी केंद्राची मदत आली ती जानेवारी २००९ नंतर, जागतिक मंदीवर उतारा म्हणून दिलेल्या आर्थिक पॅकेजमधून. म्हणजे मार्गिका २००६ मध्ये आणि तिच्यावर धावायच्या नव्या गाड्यांचा पैसा २००९ मध्ये. मधल्या काळात पुणेकराने पाहिले ते रिकामे डांबर, तुटलेले दुभाजक, रस्ता ओलांडताना होणारे अपघात आणि मार्गिकेत शिरलेल्या दुचाक्या. बीआरटीविषयी शहराचे मत तेव्हाच बनले, आणि पुढची चांगली कामेही ते फारसे बदलू शकली नाहीत.

निगडी–दापोडी मार्गाची कथा याहून बोलकी आहे. जुन्या मुंबई–पुणे महामार्गावर पिंपरी-चिंचवडच्या मधोमध मार्गिका आखली गेली, स्थानके उभी राहिली, आणि ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. सुरक्षिततेचा प्रश्न घेऊन प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आयआयटी मुंबईकडून सुरक्षेची तपासणी झाली आणि अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये त्या मार्गावरून बस धावू लागली. या काळात त्या रस्त्याच्या रोजच्या प्रवाशाने एकच गोष्ट पाहिली होती. आपल्या गाडीसाठीची जागा कमी झाली आणि तिथे काहीच चालत नाही. अशा माणसाला बसचा शत्रू म्हणता येत नाही. त्याच्यावर अन्याय झालेलाच होता.

याच पिंपरी-चिंचवडने बरेच काही नीटही केले, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुण्याच्या बीआरटीच्या चर्चेत ते हरवते. २०१५ मध्ये ‘रेनबो’ नावाने सुरू झालेल्या सांगवी–किवळे आणि नाशिक फाटा–वाकड या मार्गांवर समतल फलाट असलेली स्थानके होती, रस्ते रुंद होते आणि नाशिक फाटा–वाकड मार्गाला जागतिक बँकेच्या शाश्वत नागरी वाहतूक प्रकल्पाचे साह्य होते. त्याच वर्षी ऑगस्टअखेर पुण्यात संगमवाडी–विश्रांतवाडी मार्ग सुरू झाला. वृद्ध माणसाला पायरी न चढता बसमध्ये शिरता येते, ही सोय कागदावर किरकोळ वाटते. गुडघे दुखणाऱ्या आजीला ती किती मोठी वाटते, हे त्या स्थानकांवर दिसले. पिंपरी-चिंचवडने बीआरटी मार्गांच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात वाढीव बांधकाम हक्क देऊन त्यातून येणारा पैसा नागरी वाहतूक निधीत जमा करण्याचा विचारही राबवला. रस्त्यामुळे जमिनीचा भाव वाढतो, तर त्या वाढीतला वाटा बसला मिळावा. महाराष्ट्रातल्या शहर नियोजनात इतकी सरळ आणि न्याय्य कल्पना क्वचितच आली असेल.

मग अडले कुठे? पीएमपीएमएल, म्हणजे २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून केलेली कंपनी, तिची संचलन तूट दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशा वाट्याने भरतात. अलीकडच्या वर्षांत ही तूट सातशे कोटींच्या घरात गेली आहे. आकडा मोठा वाटतो खरा, पण सुमारे दोन हजार बसच्या ताफ्यातून रोज लाखो माणसे वाहून नेण्याची ती किंमत आहे. दोन्ही महापालिकांनी मिळून रस्ते, उड्डाणपूल आणि समतल विलगकांवर केलेल्या खर्चाला कोणी ‘तूट’ म्हणत नाही. उड्डाणपूल तिकीट काढत नाही, म्हणून तो तोट्यात आहे असे कोणत्याही अर्थसंकल्पात लिहिलेले नसते. बस मात्र दरवर्षी हात पसरून उभी राहते. महापालिकेचा हप्ता उशिरा आला की कंत्राटदारांची बिले थकतात. मार्च २०२३ मध्ये तेच झाले. थकबाकीसाठी कंत्राटदारांनी गाड्या बंद ठेवल्या आणि शेकडो बस रस्त्यावर आल्या नाहीत. परीक्षेचे दिवस होते. मार्गिका कितीही चांगली असली तरी त्या दिवशी तिचा काहीच उपयोग नव्हता.

नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचे काय झाले, हेही त्याच साखळीत येते. येरवड्याहून वाघोलीकडे जाणारा तो मार्ग २०१६ मध्ये सुरू झाला. गाड्या कमी, फेऱ्या अनियमित, दुरुस्ती रखडलेली, आणि शेजारून मेट्रोचे खांब वर येत होते. २०२३-२४ मध्ये विमाननगरपर्यंतचा भाग उखडला गेला. मेट्रो मार्च २०२४ मध्ये रामवाडीपर्यंत आली. रामवाडीच्या पुढे, वाघोलीपर्यंत, लोक अजूनही बसवरच अवलंबून आहेत, आणि त्या बस आता साध्या रहदारीतून वाट काढतात. वाहनचालकांना जागा मोकळी करून दिली म्हणून त्या रस्त्यावरची कोंडी संपलेली नाही. ती संपणारही नव्हती, कारण मोकळ्या झालेल्या पट्ट्यात नव्या मोटारी आल्या.

पुण्यापुरतेच हे घडलेले नाही. होळकरांच्या इंदूरमध्ये, जिथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०१३ मध्ये सुरू झाला आणि तिथली ‘आयबस’ चांगली चालली. लोक तिच्यावर विसंबले होते. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांनी ती मार्गिका काढण्याची घोषणा केली. भोपाळमध्ये त्याच वर्षाच्या सुरुवातीला मार्गिका काढायला सुरुवात झाली होती. दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद ही जेमतेम सहा किलोमीटरची मार्गिका २००८ मध्ये आली आणि २०१६ मध्ये गेली. दिल्लीच्या मार्गिकेत खरोखर दोष होते. इंदूरच्या मार्गिकेत ते त्या प्रमाणात नव्हते. तरीही दोन्ही गेल्या, याचा अर्थ वाहतुकीच्या यशावर मार्गिका टिकत नाही. तिच्या पाठीशी कायद्याने बांधलेला पैसा आणि जबाबदार संस्था नसेल, तर पुढच्या सरकारला ती काढायला एक घोषणा पुरते.

सीमेपलीकडे, हुबळी-धारवाडमध्येही हाच अनुभव आहे. जागतिक बँकेच्या साह्याने सुमारे ९७० कोटी रुपये खर्चून बावीस किलोमीटरचा मार्ग उभा राहिला. देशातल्या सर्वांत चांगल्या बांधणीच्या मार्गांपैकी तो एक आहे. ‘चिगरी’ नावाच्या बस ऑक्टोबर २०१८ पासून धावू लागल्या. चिगरी म्हणजे हरीण, आणि सुरुवातीला गाड्या तशाच धावल्या. आता त्या जुन्या झाल्या आहेत, आणि त्या मार्गिकेवर विजेवर चालणारी वेगळी व्यवस्था आणावी अशी चर्चा आहे. बांधकामाला जागतिक बँक मिळाली, पण आठ-दहा वर्षांनी ताफा बदलायला लागणाऱ्या पैशाचा प्रश्न उरलाच.

या सगळ्यांत वेगळा ठरला तो अहमदाबादचा ‘जनमार्ग’. १४ ऑक्टोबर २००९ ला तो सुरू झाला आणि मग टप्प्याटप्प्याने पसरला. तिथेही तूट आहे. फरक एवढाच, की महापालिकेने पहिल्या दिवसापासून त्यासाठी स्वतंत्र कंपनी केली, बस चालवणाऱ्या कंत्राटदारांशी किलोमीटरमागे दर ठरवून करार केले आणि तूट ही शहराची जबाबदारी आहे असे मानून पैसे भरले. आराखडा सेप्ट विद्यापीठातल्या लोकांनी केला आणि तीच मंडळी पुढेही शहरासोबत राहिली. पुण्यात सल्लागार बदलत गेले, आयुक्त बदलत गेले, पीएमपीएमएलचे अध्यक्ष तर काही महिन्यांत बदलले.

पैसा कुठून आणायचा, याची उत्तरे मुंबईच्या इतिहासातही आहेत. बेस्ट ही मुळात १९०५ मध्ये वीज आणि ट्रामसाठी निघालेली कंपनी. १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने ती ताब्यात घेतली. त्यानंतर अनेक दशके विजेच्या नफ्यातून बसची तूट भरून निघत होती. ज्याच्या घरात वीज जास्त, त्याच्या बिलातून वरळीच्या गिरणी कामगाराची बस चालत होती. पुढे वीज कायदा बदलला, बसची तूट वीजग्राहकांच्या माथी मारायची नाही असे ठरले, आणि वितरण नियामकाच्या नियमांत ते बसणारेही नव्हते. पण विजेचा आधार काढून घेताना दुसरा आधार कोणी दिला नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये झाले, प्रवासी परत आले, आणि तरीही ताफा आकसत गेला. एके काळी चार हजारांहून अधिक गाड्या असलेल्या बेस्टकडे आज तीन हजारही नाहीत. मे २०२५ मध्ये किमान भाडे दहा रुपये झाले. पुण्यातही महिनाभराने तेच घडले. पैशाचा कायमचा मार्ग नसला की शेवटी प्रवाशाचा खिसा हाच एक मार्ग उरतो, आणि तो सर्वांत गरीब माणसाचा खिसा असतो.

जगात याहून चांगल्या वाटा आहेत. बोगोटाने पेट्रोलवर अधिभार लावून पहिल्या टप्प्याच्या बांधकामासाठी पैसा उभा केला. मोटारवाल्याने भरलेल्या पैशातून बसची मार्गिका झाली. फ्रान्समध्ये १९७१ पासून पॅरिस परिसरातल्या ठरावीक संख्येहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना वेतनाच्या प्रमाणात वाहतूक कर द्यावा लागतो, कारण कामगार वेळेवर पोहोचला तर फायदा मालकाचाही होतो. लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावले आणि त्याचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीवरच खर्च करायचे, हे कायद्याने बांधून टाकले. महाराष्ट्रातही मुंबई, पुणे, नागपूर या शहरांत एप्रिल २०२२ पासून घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार घेतला जातो. लोक त्याला ‘मेट्रो अधिभार’ म्हणतात. हा पैसा वाहतुकीसाठी घेतला जातो, तर त्यातला ठरावीक हिस्सा बस चालवण्यासाठी वेगळा काढून ठेवणे अगदी शक्य आहे.

आता लखनौकडे वळू. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा मानकांनुसार दर लाख लोकसंख्येला ६० बस ही सर्वोत्तम पातळी. २०११ च्या जनगणनेत लखनौ महापालिकेची लोकसंख्या सुमारे २८ लाख होती. त्या जुन्या आकड्यानेही शहराला जवळपास १,७०० बस हव्यात, आणि त्यानंतर शहर किती वाढले हे जानकीपुरम विस्तारात उभे राहून कोणीही सांगेल. लखनौ सिटी ट्रान्सपोर्टचा ताफा शेकड्यांतच मोजावा लागतो. अशा शहरात सीतापूर रस्त्यावर मार्गिका बांधून काढली, तर ती निगडी–दापोडीसारखीच रिकामी पडेल आणि रहिवासी दोन वर्षांत ती उखडण्याची मागणी करतील. त्यांची मागणी योग्यही असेल.

म्हणून क्रम उलटा हवा. जानकीपुरम विस्तारापासून अभियांत्रिकी महाविद्यालय चौक, पुरनिया, अलीगंज, कपूरथळा या वस्त्यांतून आयटी चौराहा मेट्रो स्थानकापर्यंत एक साधी, पण पक्की बससेवा आधी सुरू व्हावी. हिशेब मांडून पाहावा. मार्ग दहा किलोमीटरचा धरला आणि बसचा सरासरी वेग ताशी वीस किलोमीटर धरला, तर जाऊन यायला एक तास आणि दोन्ही टोकांना थांबण्याची मिळून दहा मिनिटे. गर्दीच्या वेळी दर पाच मिनिटांनी बस हवी, तर चौदा गाड्या लागतील. त्या रोज प्रत्येकी दोनशे किलोमीटर चालल्या आणि कंत्राटाचा दर किलोमीटरला ऐंशी रुपये धरला, तर वर्षाला सव्वाआठ कोटींच्या आत खर्च येतो. तिकिटाचे उत्पन्न यात धरलेलेच नाही. लखनौ मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाच्या एका किलोमीटरला जेवढा पैसा लागणार आहे, तेवढ्यात ही सेवा साठ वर्षांहून अधिक चालेल.

अर्थात मेट्रो ताशी जेवढी माणसे नेते तेवढी पाच मिनिटांना एक बस नेणार नाही. पाच मिनिटांना एक म्हणजे तासाला बारा बस, प्रत्येकीत साठ माणसे धरली तर एका दिशेला सातशे वीस. पण जानकीपुरमहून आज नेमके किती लोक प्रवास करतील, हे बस चालवल्याशिवाय कळणार नाही. प्रवासी वाढले, बस भरून वाहू लागल्या, कोंडीत अडकू लागल्या, की राखीव मार्गिका मागायला नियोजनकारांची गरज राहणार नाही. बसमधले प्रवासी स्वतः ती मागतील, आणि मार्गिकेचे राजकीय रक्षणही तेच करतील. कात्रजला आणि नगर रस्त्यावर नेमके हेच झाले नाही. मार्गिका आली तेव्हा तिच्या बाजूने उभा राहणारा प्रवासी तयारच झालेला नव्हता.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम-ई बस सेवा’ योजनेत हा विचार अर्धा तरी आला आहे. दहा हजार विजेच्या बस, केंद्राचा वाटा वीस हजार कोटी, आणि महत्त्वाचे म्हणजे मदत खरेदीला नसून किलोमीटरला आहे. मोठ्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, मध्यम बसला २२, लहान बसला २०, आणि हे दहा वर्षांसाठी. बस आगारात उभी राहिली तर पैसे नाहीत, धावली तरच पैसे. नगरविकासाच्या योजनांत इतकी समजूतदार अट क्वचित दिसते. पण २४ रुपयांच्या पलीकडचा जो खर्च उरतो तो राज्याने आणि शहराने भरायचा आहे, आणि तिथेच पुण्यासारखा हप्ता थकण्याचा धोका आहे. त्यासाठी बँकेत वेगळे खाते हवे. तिकिटाचे उत्पन्न, शासनाचा हिस्सा आणि विकास प्राधिकरणाचा हिस्सा तिथे आधी जमा व्हावा आणि कंत्राटदाराचे बिल तिथूनच, ठरल्या तारखेला जावे. आयुक्तांची बदली झाली तरी पैसे थांबणार नाहीत, अशी ती व्यवस्था असावी.

विकास प्राधिकरणाचा हिस्सा हा इथला सर्वांत न्याय्य भाग आहे. जानकीपुरमचे भूखंड लखनौ विकास प्राधिकरणाने पाडले आणि विकले. रस्ता, दिवे, नळ दिले की वसाहत पूर्ण झाली, असे आपल्याकडची सगळी प्राधिकरणे मानतात. पुण्यात, नवी मुंबईत, नागपूरच्या बाहेरच्या वस्त्यांतही हेच झाले. दारातून बस सुटणे हा वसाहतीचाच भाग आहे असे मानले, तर भूखंडांच्या विक्रीतून आणि वाढीव बांधकाम परवान्यांतून येणाऱ्या पैशाचा ठरावीक टक्का वाहतूक निधीत जायला हवा. पिंपरी-चिंचवडने हे करून दाखवले होते. विद्यापीठे आणि औषध संशोधन संस्था याही मोठ्या मालक संस्था आहेत. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचे आणि कर्मचाऱ्यांचे पास एकगठ्ठा विकत घेतले, तर सेवेला पहिल्या महिन्यापासून ठोस उत्पन्न मिळेल आणि आवारातले वाहनतळही रिकामे होतील.

पहिल्या दोन वर्षांत सीतापूर रस्त्यावर फार काही बांधायची गरज नाही. थांब्यांवर छप्पर, बसच्या पायरीच्या उंचीचा छोटा चौथरा, रात्री पुरेसा उजेड, आणि प्रत्येक थांब्यासमोर रस्ता ओलांडण्यासाठी सिग्नलची व्यवस्था, एवढे पुरे. पुण्याच्या पहिल्या बीआरटीवर लोक मार्गिका ओलांडताना दगावले, म्हणून ओलांडण्याची जागा पहिल्याच निविदेत यायला हवी. दर महिन्याला किती किलोमीटर ठरले होते, किती धावले, किती फेऱ्या रद्द झाल्या आणि कंत्राटदाराला किती पैसे गेले, याचा तक्ता प्रत्येक थांब्यावर लावावा. उत्तर प्रदेशचा पुढचा अर्थसंकल्प तयार होईल तेव्हा त्यात या एका मार्गासाठी दहा वर्षांची हमी देणारी ओळ घालता येईल. सव्वाआठ कोटींप्रमाणे दहा वर्षांचे साधारण ८२ कोटी होतात. निविदेला सहा महिने, गाड्या यायला आणखी वर्षभर, आणि आगारासाठी जागा विस्तारातच विकास प्राधिकरणाने द्यायची. ही जागा आराखड्यात आजच राखली नाही, तर पुढे तिथेही घरे उभी राहतील आणि बस रात्री उभी करायला शहराच्या बाहेर न्यावी लागेल. पुण्यात आगारांच्या जागेसाठी पीएमपीएमएलला आजही झगडावे लागते.